शकुननं व्हीप वाचला होता

आमच्या पांढरघाटात बाई नगरसेविका म्हणून निवडून आली की हार दोन लागतात. एक तिच्या गळ्यात आणि एक नवऱ्याच्या. तिचा हार घरी पोचेस्तोवर सुकतो, नवऱ्याचा पाच वर्षं ताजा राहतो. माझ्या गळ्यात असा हार पडला तेव्हा मी मान चांगली लांब केली होती. खोटं कशाला सांगू?

मी देवीदास मेहरे. जातीनं माळी, धंद्यानं माळी. वरूडच्या रस्त्याला नदीकाठी आमचा तीन एकराचा मळा आहे. त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि धुऱ्याला, बांधाच्या कडेनं, झेंडू. संत्र्याच्या बागा असलेली मंडळी आम्हाला ‘भाजीवाले’ म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्या पोरीबाळींच्या लग्नात आमचीच वांगी लागतात, आणि पंगतीत आधी तीच संपतात.

ही हकीकत माझी नाही, माझ्या बायकोची आहे. पण नगरसेविकेची गोष्ट सुरू करायची तर आमच्याकडे नवऱ्यापासूनच करावी लागते, त्याला माझा नाइलाज आहे.

शकुन नांदगाव खंडेश्वरकडची. सातवी शिकून आमच्या घरी आली. अंगानं काटक, बोलायला रोखठोक, आणि एक खोड अशी की हातात आलेला छापील कागद वाचल्याशिवाय खाली ठेवायची नाही. बियाण्याच्या पाकिटामागचं मुंगीएवढं अक्षरसुद्धा ती उन्हाकडे धरून वाचते. एकदा बँकेचा माणूस घरी सह्या घ्यायला आला होता. मी फटाफट तीन केल्या. हिनं पहिलं पान वाचायला घेतलं आणि त्याचा चहा थंड झाला, दुसरा आला, तोही संपला, तरी ही आपली वाचतच होती. तो गेल्यावर मी चिडलो. ती म्हणाली, आपलं नाव खाली लिहायचं तर वर काय लिहिलं आहे ते पाहायला नको का? मी म्हटलं, मोठी वकील लागून गेली. तेव्हा मला काय ठाऊक, पुढे एका वकिलालाही ती पुरून उरणार होती.

बुधवारी आमच्याकडे बाजार भरतो. शकुन लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून त्या बाजारात बसते. भाजीची एक ओळ आहे आणि तीत बहुतेक साऱ्या बायाच. तांबडं फुटायच्या आत घर सोडायचं आणि दिवे लागेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. पुरुषांचं काय, त्यांना कोणतीही भिंत चालते. बायांनी कुठं जायचं? म्हणून त्या दिवशी बाया पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात घसा कोरडा पडला तर एक घोट तोंडात घ्यायचा, चूळ फिरवायची आणि थुंकून टाकायचा. नव्या आलेल्या सुनेला सासू तराजू धरायला नंतर शिकवते, ही चूळ आधी शिकवते. शकुनच्या शेजारी गोदाबाई बसतात, साठी उलटून गेलेल्या. त्या बुधवारला उपास म्हणतात. एकादशी परवडली म्हणतात, निदान पाणी तरी पिता येतं.

या उपासानं शकुनला मुतखडा झाला. भर बाजारात ती पोट धरून वांग्यांच्या ढिगावर आडवी झाली आणि मी तिला गाडीत घालून अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, औषध दिलं आणि दिवसभर भरपूर पाणी पीत जा म्हणून सांगितलं. शकुन त्यांना म्हणाली, “पानी पेतो ना डाक्टरसाहेब. पेल्यावर जाऊ कुठं, ते पन कागदावर लिहून द्या.” डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, आणि मी खिडकीबाहेर.

मग निवडणूक आली आणि आमचा वॉर्ड महिलेसाठी राखीव निघाला. खुशालराव आमच्या घरी आले. ते पक्षाचे गावातले पुढारी, नंतर पालिकेत पक्षाचे गटनेतेही झाले. माणूस गोड बोलणारा. मला म्हणाले, वहिनींचा फॉर्म भरू, कामकाज तुम्हीच पाहायचं आहे. मी दुसऱ्याच दिवशी दोन पांढरे सदरे शिवायला टाकले. शकुनला विचारायला चार दिवसांनी गेलो. ती इतकंच म्हणाली की उभी राहीन, पण भाषण माझं मी करीन.

तिनं सबंध प्रचारात एकच भाषण केलं, तेही बाजाराच्या ओट्यावर उभं राहून. बाजारात बायांसाठी मुतारी पाहिजे, ती झाली की मी दुसरं काही मागणार नाही, बस. मंचावर खुशालराव स्वतःच्या चपला न्याहाळत बसले. पुरुष खिदळले. बाया हसल्या नाहीत, त्यांनी मतं दिली. शकुन घसघशीत फरकानं निवडून आली आणि मी मोटारसायकलच्या पाटीवर ‘नगरसेवक’ असं लाल अक्षरात रंगवून घेतलं.

पहिल्या सभेला मी तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसलो. ती हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “तुमी बाहेर बसा. इथं माह्या नावाची पाटी हाय.” बाहेर जरा पाय मोकळे करून शिपायाच्या बाकाशी येतो तर तिथं इतर नगरसेविकांचे नवरेही येऊन टेकले होते. आतल्या खुर्च्यांवरून एकेकाला उठवायला शकुननं सुरुवात करून दिली होती, आणि बाकीच्या बायकांनी तिचा कित्ता गिरवला होता. त्या बाकावर मला कोणी जागा दिली नाही. मी दोन-चार दिवस घरात फुरंगटून होतो. तिला ते कळलं की नाही, देव जाणे.

पण कागद मात्र माझ्याकडेच येत राहिले. सभेची नोटीस असो, उद्घाटनाची पत्रिका असो की कुणाचा तक्रार अर्ज, आणणारा मला चौकात गाठायचा, मी सही ठोकायचो आणि संध्याकाळी तिच्यापुढे ठेवायचो. साऱ्या गावात तीच रीत. नगरसेविकेच्या नावाचा कागद तिच्याच हातात द्यायचा, असं आजवर कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी शकुननं बाजाराला लागून असलेली जुन्या कोंडवाड्याची जागा बायांच्या स्वच्छतागृहासाठी ठेवायचा ठराव मंजूर करून घेतला. सगळ्यांनी हात वर केले, कारण नाही म्हणायची लाज वाटली. नंतर ती फाइल झोपी गेली. ती जागी झाली तेव्हा तिच्यात भलतंच काही निघालं. जागा रस्त्याला लागून आहे, तिला सोन्याचा भाव आहे, तिथं दुकानांचे गाळे काढावे आणि स्वच्छतागृह गावाबाहेर स्मशानाच्या वाटेवर न्यावं, असा नवा ठराव खुशालरावांच्या गटानं तयार केला. भाजी सोडून तिथवर जायचं तर बाईनं आधी ओट्यावर राखणदार बसवायला हवा. खुशालराव मला समजावत होते की तिकडे शांतता असते. मी हो म्हटलं. तिकडे शांतता असते हे तर खरंच आहे.

सभेच्या आधी पक्षानं व्हीप काढला. व्हीप म्हणजे पक्षाचा लेखी हुकूम. अमुक ठरावाच्या बाजूनं मत द्या, नाही दिलंत तर पक्ष कलेक्टरांकडे जाईल आणि तुमचं सदस्यपद जाऊ शकेल. खुशालरावांचा माणूस, कुंदन, तो घेऊन घरी आला. शकुन मळ्यात होती. मळा घरापासून हाकेच्या अंतरावर. पण कुंदननं कागद माझ्यापुढे धरला आणि मीही ‘मिळाला’ असं लिहून खाली ऐटीत ‘देवीदास मेहरे’ अशी सही केली. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

कागद घेऊन मी मळ्यात गेलो. शकुन वांगी तोडत होती. तिनं हात लुगड्याला पुसले, कागद उन्हाकडे धरला आणि सावकाश वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी म्हटलं, खुशालभाऊ हात वर करतील तेव्हा आपणही करायचा, त्यात एवढं वाचायचं काय आहे? तिनं घडी करून कागद कमरेच्या पिशवीत ठेवला आणि परत झाडाशी वाकली. काही बोलली नाही म्हणजे कबूल आहे, असं मी समजलो. संसाराला पंचवीस वर्षं झाली, तरी मी हीच चूक करतो.

सभेच्या दिवशी मी बाहेर बाकाजवळच्या खिडकीत उभा होतो. ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. खुशालरावांचा झाला, त्यांच्या मागच्यांचे झाले. शकुनचे दोन्ही हात टेबलावर. मला वाटलं, हिला ऐकू आलं नसेल. मग अध्यक्षांनी विरोधात कोण म्हणून विचारलं, आणि विरोधी पक्षाच्या हातांमध्ये आमच्या घरचा एक हात वर आला, वांग्याच्या काट्यांनी ओरखडलेला. अध्यक्षांनी दोनदा मोजलं. ठराव एका हातानं पडला. सभागृहात गलका उठला. खुशालरावांनी शकुनकडे पाहिलंच नाही. त्यांनी वळून खिडकीत माझ्याकडे पाहिलं. एक बाई सांभाळता येत नाही का रे तुला, असं ते पाहणं होतं.

दिवे लागायला ते घरी आले. लेखी माफी मागा, पक्ष पंधरा दिवसांत माफ करू शकतो, मी शब्द टाकतो, असं बरंच बोलले. शकुननं त्यांना चहा दिला, घरची विचारपूस केली आणि माफी कशाची म्हणून विचारलं. खुशालरावांनी चहा अर्धा ठेवला. महिना उलटायच्या आत कलेक्टर कचेरीतून अपात्रतेच्या अर्जाची नोटीस आली.

शकुनचा भाचा योगेश अमरावतीला वकिली करतो. पोरगं हुशार. त्यानं सगळे कागद चाळले आणि व्हीपच्या प्रतीवर थांबून हसायला लागला. म्हणाला, मावशी, केस आपण जिंकली. व्हीप सदस्याला स्वतःला मिळायला हवा, आणि इथं सही आहे काकांची. तुला व्हीप मिळालाच नाही एवढं लिहून दे, अर्ज तिथंच कोसळतो.

माझा आनंद गगनात मावेना. सगळं गाव मला बिनकामाचा नवरा म्हणत होतं, आणि माझ्याच सहीनं बायकोची खुर्ची वाचणार होती. मी योगेशला जेवून जा म्हटलं. शकुन गप्प होती. या वेळी मी ते गप्प राहणं कबुलीत धरलं नाही, जरा शहाणा झालो होतो.

ती म्हणाली, “मले व्हीप भेटला होता.”

योगेश म्हणाला, ते कुणाला माहीत आहे? काका कुठं सांगायला जाणार आहेत?

“मले माहीत हाय,” ती म्हणाली. “मले काहीच मालूम नव्हतं असं म्हटलं, तर लोक काय म्हनतीन? भाजीवाली बाई, काही समजलं नाही, चुकून हात वर गेला. चुकून नाही गेला. वाचून, समजून केला मी हात वर.”

मग माझा तोल सुटला. खुर्ची जाईल, नाव जाईल, खुशालराव दारात नाचतील, एवढ्याशा शब्दासाठी हे काय खूळ घेतलंस, असं मी आवाज चढवून बोललो. जिल्ह्यातली सगळी माणसं कोर्टात थोडंफार खोटं बोलतात, तुझ्या एकटीच्या खरं बोलण्यानं सूर्य पश्चिमेला उगवणार नाही, असंही म्हटलं. ती भाजी निवडत होती, तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

“खुर्ची जाऊ द्या,” ती म्हणाली. “खुर्ची पक्षाची होती. हात माहा हाय.”

योगेश न जेवताच गेला. मी त्या आठवड्यात तिच्याशी धड बोललो नाही. पण मळ्यात पाणी देताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आठवून पाहिलं तर आजवर माझ्या सहीचे कागद पुष्कळ होते, आणि त्यातला वाचून सही केलेला एकही सापडला नाही.

सुनावणीला आम्ही एसटीनं अमरावतीला गेलो. तिनं लग्नात आलेली हिरवी साडी नेसली होती. योगेशनं शेवटचं सांगून पाहिलं, तू काही बोलू नकोस, मी फक्त सहीचा मुद्दा मांडतो. त्यानं तो मांडलाही. खुशालरावांच्या वकिलानं घाईनं कागद उलटले, आणि त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. खुशालराव कुंदनकडे आणि कुंदन जमिनीकडे बघायला लागला. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की शकुननं आता तोंड मिटून राहावं. पण कलेक्टरसाहेबांनी सरळ तिलाच विचारलं की व्हीप तुम्हाला मिळाला होता का.

शकुन उभी राहिली. “भेटला साहेब. सही माह्या मालकाची हाय, पन वाचला मीच. मळ्यात वाचला, दोनदा वाचला.”

मग विरोधात मत का दिलंत?

“मी बाजारात बसतो साहेब. दिवसभर पानी पेत नाही. आमच्या ओळीतली एकबी बाई पेत नाही. त्या बायांनी मले याच एका कामासाठी निवडून देल्लं. पक्षानं तिकीट देल्लं, त्याचे उपकार हायेत. पन मी त्यायले काय सांगू, की तुमच्यासाठी हात वर करायचा हुकूम नव्हता?”

याचा परिणाम काय होईल हे माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. माहीत आहे, त्या कागदात खाली तेही लिहिलं होतं, असं ती म्हणाली आणि बसली. योगेशनं फाइल मिटली. खुशालरावांची केस तिनं स्वतःच्या तोंडानं जिंकून दिली होती, तरी ते मान वर करायला तयार नव्हते. आणि मी, जो वाटभर रागात आलो होतो, त्या मागच्या बाकावर बसून रडायला आलेलं आवरत होतो. अशी बाई आपल्या घरात वांगी तोडते आणि आपण पाटीवर ‘नगरसेवक’ रंगवून हिंडतो, याची लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा अभिमान कितीतरी मोठा होता. घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर मोटारसायकलची ती लाल अक्षरं घासलेटनं पुसली.

निकालाला बरेच महिने लागले. पण मधल्या काळात तिचं बोलणं अमरावतीच्या पेपरात आलं. ते वाचून गोदाबाईंनी एका बुधवारी ओळीतल्या सगळ्या बायांना उठवलं आणि टोपल्या घेऊन पालिकेच्या दारात बसवलं. गावाला त्या दिवशी भाजी मिळाली नाही. गाळ्यांचा ठराव पडल्यामुळे जुना ठराव जागच्या जागी होताच. मुख्याधिकाऱ्यांनी काम काढलं, कोंडवाड्याच्या जागेवर पाया खोदला गेला, भिंती आल्या, स्लॅब टाकला गेला. गाळ्यांचं नाव मग खुशालरावांनीही काढलं नाही. दरवाज्यावरच्या दगडात सगळ्यांची नावं कोरली, निकाल अजून यायचा होता म्हणून त्यात शकुनचंही लागलं.

कलेक्टरांचा आदेश आला तो बुधवारीच, स्वच्छतागृह उघडल्यानंतरच्या पहिल्याच बाजाराला. तहसीलचे शिपाई नत्थुजी आमच्या ओसरीवर आले. शकुन देवीदास मेहरे यांना पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्याबद्दल सदस्य म्हणून अपात्र ठरवण्यात येत आहे. मी ते वरवर वाचलं. नत्थुजींनी वही पुढे केली आणि पेन दिला.

“देवीदासभाऊ, तुमीच करा सही. तुमच्या घरचंच तर हाय,” ते म्हणाले.

मी पेन परत दिला. “नत्थुजी, ज्याच्या नावाचा कागद, त्याच्याच हातात द्या. मी घेणार नाही. चला, बसा मागं.”

नत्थुजींना मोटारसायकलवर मागे बसवून मी बाजारात गेलो. भर दुपार, गर्दी मायंदाळ. शकुन एका गिऱ्हाइकाला वांगी तोलून देत होती. आम्हाला पाहून ओळीतल्या बाया जवळ सरकल्या. नत्थुजींनी अवघडून कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उन्हाकडे धरला, सावकाश वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. गिऱ्हाईक थांबून राहिलं, नत्थुजी उभे राहिले, मीही उभा राहिलो. मला आज कसलीच घाई नव्हती. वाचून झाल्यावर तिनं पुरं नाव लिहून सही केली आणि आदेश घडी घालून वजनाच्या खाली ठेवला.

“झालं का?” तिनं नत्थुजींना विचारलं. “इतक्या लांबून आले, वांगे घेऊन जा घरी.”

गोदाबाई डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. शकुननं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माठ तिच्या पाठीमागे होता. तिनं तांब्या बुडवला, तोंडाला लावला आणि सगळा संपवला. चूळ फिरवली नाही, थुंकली नाही. मग तांब्या पुन्हा भरून गोदाबाईंच्या हातात दिला, आणि त्याही पाणी प्यायल्या.